आसन किती वेळ धरावे? घरच्या योगाभ्यासातील वेळेचा आढावा

२१ जून २०१९ रोजी महाराष्ट्राचा योगदिनाचा मुख्य सोहळा मुंबई-पुण्याला न होता नांदेडला झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि स्वामी रामदेव दोघेही सकाळी मैदानावर होते आणि समोर मोठा जनसमुदाय होता. अशा ठिकाणी आसनात किती वेळ राहायचे हा प्रश्न कुणालाच पडत नाही. माईकवरून ‘हात वर’ आले की हात वर जातात, ‘सावकाश खाली’ आले की खाली येतात. अडचण सुरू होते २२ जूनला, घरी. माईक नाही, शिक्षक नाही, शेजारी बघून करायला कुणी नाही. भुजंगासनात मान वर उचलली की पहिला विचार मनात येतो तो हाच, की आता सोडायचे कधी?

लातूरच्या नाना-नानी पार्कात सकाळी जमणारी ज्येष्ठ मंडळी असोत की नांदेडच्या वसाहतींमधल्या हॉलमध्ये चालणारे महिलांचे वर्ग, वर्ग सुटताना शिक्षकाला हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच: “सर, घरी किती वेळ धरायचं?” उत्तरे मात्र अनेक मिळतात. एक शिक्षक दहा आकडे मोजायला सांगतो. दुसरा म्हणतो एक मिनिट. मोबाइलवरच्या व्हिडिओत पाच श्वास सांगतात. घरातल्या जुन्या पुस्तकात शीर्षासनासमोर १२ मिनिटे छापलेली असतात आणि टीव्हीवरचे बाबा थांबतच नाहीत, वीस-पंचवीस वेळा वरखाली करून पुढच्या क्रियेला जातात.

यांपैकी खोटे कुणीच सांगत नाही. प्रत्येकाचे उत्तर एका परंपरेतून आलेले आहे आणि त्या परंपरेला आसनाकडून काय हवे होते त्यावर ते ठरले आहे. घोळ होतो तो एकाचा आकडा दुसऱ्याच्या पद्धतीला चिकटवल्यामुळे. म्हणून हे आकडे कुठून आले, कशासाठी आले आणि मराठवाड्यातल्या साध्या घरात त्यांतले किती घेण्याजोगे आहेत, हे एकदा नीट पाहायला हवे.

जुने ग्रंथ: आकडा कमी, अट जास्त

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रे आहेत, साधनपादातली ४६ ते ४८. त्यांत सेकंद, मिनिट, घटका काहीच नाही. आसन स्थिर असावे, सुखाचे असावे, प्रयत्नाची धडपड सैल पडावी आणि मग थंडी-उष्णतेसारख्या द्वंद्वांचा त्रास होऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. पतंजलींसमोर ध्यानाला बसणारा साधक होता. त्रिकोणासन, वीरभद्रासन हे प्रकार तिथे नाहीतच.

मराठवाड्याला जवळचा ग्रंथ पाहायचा तर तो ज्ञानेश्वरी. पैठणजवळच्या आपेगावशी नाते सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात योग्याच्या बैठकीचे जे वर्णन केले आहे, ते मराठीतले आसनाचे पहिले सविस्तर वर्णन म्हणावे लागेल. जागा कशी असावी, खाली काय अंथरावे, टाच कुठे यावी, पाठीचा कणा कसा उभा राहावा, सगळे बारकाईने सांगितले आहे. तिथेही वेळेचे माप नाही. जागाच अशी हवी की बसलेल्याला उठावेसे वाटू नये, अशी ज्ञानेश्वरांची अपेक्षा आहे. थोडक्यात, काळ वाढवण्याची खटपट करण्याआधी बैठक सुखाची करा.

वेळेचा थेट उल्लेख येतो तो पंधराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या हठप्रदीपिकेत, तोही विपरीतकरणीच्या संदर्भात. पहिल्या दिवशी क्षणभरच करावे, मग रोज थोडे थोडे वाढवावे, असा तो क्रम आहे. पुढे सहा महिन्यांनी सुरकुत्या आणि पांढरे केस नाहीसे होतात, रोज एक प्रहर म्हणजे तीन तास करणारा मृत्यूला जिंकतो, अशी फलश्रुती जोडली आहे. फलश्रुती ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी, पण त्याआधीचा ‘क्षणापासून सुरुवात आणि रोज थोडी वाढ’ हा नियम आजही कुठल्याही शिक्षकाने वर्गात लावावा इतका पक्का आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते. तीन तासांची गोष्ट लक्षात राहते आणि क्षणाची विसरली जाते.

लोणावळ्याचे कोष्टक

आधुनिक काळात आसनांच्या वेळेचे शिस्तशीर कोष्टक मांडले ते महाराष्ट्रात. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात तयार झालेले. काही काळ खानदेशात अमळनेरला शिक्षणाचे काम केल्यावर त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. आसनात रक्तदाबाचे काय होते, पोटातल्या पोकळीत दाब कसा बदलतो, हे यंत्रे लावून मोजणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी ते एक.

त्यांच्या ‘आसने’ या पुस्तकातला अभ्यासक्रम आजही वाचण्यासारखा आहे. शीर्षासन पाव मिनिटापासून सुरू करायचे आणि आठवड्याला अर्धे मिनिट याप्रमाणे वाढवत १२ मिनिटांपर्यंत न्यायचे. सर्वांगासन अर्ध्या मिनिटापासून सहा मिनिटांपर्यंत. याउलट भुजंगासन, शलभासन यांसारखी पाठीच्या स्नायूंनी उचलायची आसने काही सेकंदच धरायची आणि तीन ते सात वेळा करायची. एकाच पुस्तकात, एकाच माणसासाठी, एका आसनाला बारा मिनिटे आणि दुसऱ्याला काही सेकंद. कोष्टकातला हा फरक समजला की निम्मा प्रश्न सुटतो. शरीर ज्या आसनात हाडांच्या आधारावर उभे राहते तिथे वेळ वाढवता येतो. जिथे स्नायूंच्या ताकदीवर शरीर तोललेले असते तिथे आवर्तने वाढवायची, वेळ नाही.

आणखी एक गोष्ट. पाव मिनिटावरून बारा मिनिटांवर पोचायला आठवड्याला अर्ध्या मिनिटाच्या हिशेबाने जवळजवळ सहा महिने लागतात. ज्यांच्याकडे ते जुने पुस्तक आहे त्यांनी फक्त शेवटचा आकडा वाचला असेल, तर पुन्हा एकदा उघडून पाहावे. शिवाय हे आकडे धडधाकट माणसासाठी आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकलेल्यासाठी आहेत.

पुण्याचा दीर्घ मुक्काम

दुसरे मोठे घराणे पुण्याचे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि २०१४ साली निधन होईपर्यंत पुणेकरच राहिले. ‘लाइट ऑन योगा’ हे त्यांचे पुस्तक १९६६ साली निघाले, मराठीत ते ‘योगदीपिका’ या नावाने वाचले जाते. त्यात जवळजवळ प्रत्येक आसनाला वेळ दिलेला आहे. त्रिकोणासन अर्धे ते एक मिनिट, पश्चिमोत्तानासन एक ते पाच मिनिटे, सर्वांगासन निदान पाच मिनिटे आणि हळूहळू पंधरापर्यंत, शवासन पंधरा ते वीस मिनिटे. पण वीरभद्रासनाच्या पहिल्या प्रकाराला वीस सेकंद ते अर्धे मिनिटच. बळकट माणसानेही त्यात फार वेळ राहू नये आणि हृदय नाजूक असणाऱ्याने ते करूच नये, असे तिथे स्पष्ट बजावले आहे.

अय्यंगारांची पद्धत ‘जास्त वेळ धरण्याची’ म्हणून ओळखली जाते, पण त्या वेळेत माणूस गप्प थांबलेला नसतो. टाचेचा दाब, गुडघ्याची वाटी, बरगड्या, खांदा यांची सतत दुरुस्ती चालू असते. ज्याला एवढे जमत नाही त्याच्यासाठी भिंत, खुर्ची, पट्टा, लोड, घोंगडी आहेत. आधार दिला की वेळ वाढवता येतो, हा अय्यंगारांचा घरच्या अभ्यासावरचा सर्वांत मोठा उपकार. फक्त पुस्तकातला आकडा उचलायचा आणि दुरुस्ती व आधार दोन्ही सोडून द्यायचे, असे केले की एक मिनिटाचे त्रिकोणासन कंबर धरायला पुरेसे ठरते.

न थांबणारी परंपरा

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला सूर्यनमस्कार आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा शाळाशाळांतून प्रसार केला. तिथे हिशेब मिनिटांचा नसून संख्येचा असतो. प्रत्येक स्थितीत एखादा श्वास, की पुढची स्थिती. रथसप्तमीला आपल्याकडच्या शाळांत आजही असेच नमस्कार घातले जातात. हृदयाची गती वाढवणारा, घाम काढणारा तो व्यायाम आहे आणि व्यायाम म्हणून उत्तमच आहे.

टीव्हीवरून घराघरांत गेलेल्या योगाचा बराचसा भाग याच पठडीतला. २०००नंतरच्या दशकात आस्था वाहिनीवर पहाटे रामदेवबाबांना पाहून मराठवाड्यातल्या हजारो घरांत सतरंज्या अंथरल्या गेल्या, ही त्या कार्यक्रमाची मोठी कामगिरी. ज्यांनी आयुष्यात कधी पोट आत घेतले नव्हते ती माणसे कपालभाती करू लागली. पण पडद्यावरच्या वेगात स्थिर राहण्याची सवय लागत नाही. हालचालीचा योग आणि स्थिरतेचा योग ही दोन वेगळी कामे आहेत. सकाळी नमस्कार घातले म्हणजे आसने झाली, असे समजू नये. आणि आसने धरली म्हणजे चालायला जायची गरज नाही, असेही नाही.

सरकारी मधला मार्ग

संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरमध्ये योगदिनाला मान्यता दिली आणि २०१५ पासून आयुष मंत्रालयाने ‘सामान्य योग अभ्यासक्रम’ तयार करून दिला. साधारण ४५ मिनिटांचा हा क्रम नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळा, कचेऱ्या, पोलीस मैदाने यांवर दरवर्षी होतो. त्यात बहुतेक आसनांना १० ते ३० सेकंद सांगितले आहेत, श्वास नेहमीसारखा चालू ठेवून. वय, वजन, सवय काहीच माहीत नसलेल्या समूहासाठी यापेक्षा सुरक्षित आकडा काढणे अवघड आहे. त्याची मर्यादाही तीच. हा आकडा सगळ्यांसाठी आहे, त्यामुळे नेमका तुमच्यासाठी नाही. सुरुवात करायला तो पुरतो, वर्षभरानंतर मात्र तिथेच अडकून राहायचे कारण नाही.

प्रयोगशाळेतून काय निघाले

स्नायू ताणून धरण्यावर जगभर बरेच प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत १९९४ साली बॅन्डी आणि आयरियन यांनी मांडीमागचे आखडलेले स्नायू १५, ३० आणि ६० सेकंद ताणून तुलना केली. १५ पेक्षा ३० सेकंद सरस ठरले, पण ३० आणि ६० यांत फरक पडला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचा सल्लाही याच रांगेत बसतो: सर्वसाधारण प्रौढांनी १० ते ३० सेकंद, ज्येष्ठांनी ३० ते ६० सेकंद, आणि एकेका ताणाची दिवसाची बेरीज मिनिटभर. ती बेरीज वीस सेकंदांच्या तीन आवर्तनांनी झाली तरी चालते. गुडघे दुखणाऱ्या, दम कमी असलेल्या माणसाला ही मोठीच सवलत आहे.

लवचिकता वाढते म्हणजे काय होते, याबद्दलही समज बदलली आहे. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू लांबत नाही, ताण सोसण्याची मज्जासंस्थेची तयारी वाढते, असे अभ्यासक आता मानतात. म्हणजे घाई करून, दात-ओठ खाऊन ताण देण्यात हशील नाही. शरीराला धोका वाटला की ते अधिकच आखडते.

हाडांच्या बाबतीत न्यूयॉर्कच्या डॉ. लॉरेन फिशमन यांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नेहमी सांगितला जातो. १२ आसने, प्रत्येक बाजूला ३० सेकंद, रोज करायची. ७४१ जणांनी नाव नोंदवले, २२७ जणांनी नियम बऱ्यापैकी पाळला आणि त्यांच्या मणक्याच्या व मांडीच्या हाडाच्या घनतेत सुधारणा दिसली. मात्र तुलनेसाठी आसने न करणारा गट त्यात नव्हता आणि सोडून गेलेलेच जास्त होते. त्यामुळे आशा ठेवावी, औषध बंद करू नये.

रक्तदाबाचे गणित दुहेरी आहे. स्नायू आवळून धरला की त्या वेळेपुरता रक्तदाब चढतो, श्वास कोंडला तर आणखी चढतो. पण असे आवळून धरण्याचे व्यायाम नियमाने केल्यास एरवीचा रक्तदाब उतरतो, असे २०२३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात दिसले. म्हणून रक्तदाबवाल्याने उत्कटासनाला घाबरून पळू नये, पण औषध चालू ठेवून, श्वास न रोखता, थोड्या सेकंदांपासून सुरुवात करावी.

तीस सेकंदांत घडते काय

आकड्यांवरून जरा आसनावर येऊ. उजवीकडचे त्रिकोणासन घ्या. पहिल्या पाच सेकंदांत माणूस जागा शोधत असतो. उजवा हात नडगीवर की घोट्यावर, डावा पाय सरकतो आहे का, नजर कुठे ठेवायची. या वेळात श्वास बहुधा थांबलेला असतो आणि त्याचे त्याला भान नसते. दहाव्या सेकंदाच्या आसपास श्वास पुन्हा चालू होतो, उजव्या मांडीमागचा ताण लक्षात येतो. पंधराव्याला डावा खांदा पुढे पडू लागतो, छाती जमिनीकडे वळते आणि आसन बाहेरून तसेच दिसले तरी आतून मोडायला लागते. वीस ते पंचवीसच्या दरम्यान नवशिक्याची मांडी थरथरते. थरथर बारीक असेल आणि श्वास संथ असेल तर अजून दोन श्वास थांबायला हरकत नाही. जबडा आवळला गेला, श्वास तोंडाने येऊ लागला, की वेळ संपली. घड्याळात अठरा झाले असोत की चाळीस.

यानंतरचा भाग बहुतेक जण गमावतात. तिसाव्या सेकंदाला सुटल्यासारखे धाडकन वर येतात आणि चमक भरते ती तिथेच. ज्या वेगाने आसनात गेलो त्याच वेगाने बाहेर येता आले पाहिजे. त्यासाठी थोडी ताकद राखून ठेवावी लागते. आसन सावकाश सोडता आले नाही, तर ते जास्त धरले गेले असे खुशाल समजावे.

उभे आसन दहा सेकंदांच्या आत सोडणाऱ्याला फक्त जागा शोधण्याचा भाग मिळतो, आसन मिळतच नाही. मिनिटाच्या हट्टाला पेटलेल्याला शेवटची तीस सेकंदे मोडलेल्या आसनात राहण्याचा सराव होतो. नवशिक्याला उभ्या आसनात २० ते ३० सेकंद सांगतात त्याचे कारण हे आहे.

आसनागणिक हिशेब

वरच्या साऱ्या मतांची बेरीज केली तर घरच्या अभ्यासासाठी चार गट पडतात.

पहिला गट उभ्या आसनांचा: ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन, पादहस्तासन. प्रत्येक बाजूला २० ते ३० सेकंद, म्हणजे साधारण पाच-सहा संथ श्वास. वीरभद्रासनासारख्या दमवणाऱ्या आसनाला १५ ते २० सेकंद पुरेत.

दुसरा गट पोटावर झोपून उचलायच्या आसनांचा: भुजंगासन, शलभासन, धनुरासन. पाच ते दहा सेकंद, तीन आवर्तने, मध्ये मकरासनात विश्रांती. इथे कुवलयानंदांचेच म्हणणे शिरसावंद्य मानावे.

तिसरा गट बसून पुढे वाकायच्या आणि पीळ देणाऱ्या आसनांचा. वक्रासन प्रत्येक बाजूला अर्धे मिनिट, पश्चिमोत्तानासन अर्ध्या मिनिटापासून हळूहळू एक-दोन मिनिटांपर्यंत. वज्रासन जेवणानंतर पाच-दहा मिनिटे बसावे असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. बसता येत असेल तर बसावे, पण पायाला मुंग्या आल्या की उठावे. तासन् तास वज्रासनात बसल्याने पायाची नस दबून पाऊल उचलता न येण्याचा प्रकार वैद्यकीय नियतकालिकात १९७१ सालीच नोंदवला गेला आहे. बधिरपणा सहन करण्यात तपश्चर्या नाही.

चौथा गट विश्रांतीच्या आणि आधाराने करायच्या आसनांचा. भिंतीला पाय टेकवून विपरीतकरणी तीन ते पाच मिनिटे, शवासन पाच ते दहा मिनिटे. वेळ वाढवायचाच असेल तर इथे वाढवावा, नेमकी इथेच लोक काटछाट करतात. शीर्षासन मात्र पुस्तकात किंवा पडद्यावर पाहून घरी सुरू करू नये, मग वेळ कितीही कमी असो.

कुणी आकडे बाजूला ठेवावेत

काचबिंदू असलेल्याने डोके खाली जाणारी आसने टाळावीत. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी २००६ साली योग करणाऱ्यांचीच तपासणी केली तेव्हा शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट झालेला आढळला. मणक्याची गादी सरकलेल्याने पुढे वाकून थांबू नये. हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठ स्त्रियांनीही पाठीचा बाक काढून पुढे वाकण्याचा अट्टहास करू नये. गरोदरपणी, शस्त्रक्रियेनंतर, हृदयविकारात डॉक्टर आणि जाणता शिक्षक दोघांना विचारावे. मधुमेहींना पायातली संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे ‘मुंग्या आल्या की उठा’ ही खूण त्यांच्या उपयोगी पडत नाही. त्यांनी बैठकीची आसने मिनिटभरातच बदलावीत.

आपल्या घरात, आपल्या हवेत

पुस्तके लोणावळ्याच्या थंड हवेत किंवा पुण्याच्या सभागृहात लिहिली गेली. नांदेड-लातूरचा मे महिना वेगळा असतो. पारा ४२-४३ ला टेकतो, रात्रभर स्लॅब तापलेला असतो, पहाटेही भिंतींना हात लावला तर गरम लागतात. अशा दिवसांत वेळ एक तृतीयांशाने कमी करावा, उभ्या आसनांऐवजी बसून व झोपून करायची घ्यावीत. आपल्या घरांतली शहाबादी फरशी घामाने निसरडी होते आणि सतरंजी तिच्यावर सरकते. पाय पसरून करायच्या आसनात हेच पाडते. खाली रबरी मॅट नसेल तर अनवाणी पाय थेट पुसलेल्या फरशीवर टेकवून, एक टाच भिंतीला लावून उभे राहावे.

घरकाम सांभाळणाऱ्या बाईला सलग पाऊण तास मिळणे कठीण. लातुरात ज्या दिवशी नळाला पाणी येते त्या दिवशी तर सगळा दिवस त्या नळाभोवती फिरतो. तिने पहाटे दहा आणि संध्याकाळी दहा मिनिटे अशी वाटणी केली तरी काही बिघडत नाही. वर सांगितलेली मिनिटभराची बेरीज तिच्या बाजूने आहे.

लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी राहणाऱ्या मुलामुलींचा विचार तर स्वतंत्रच करायला हवा. एका खोलीत दोन-तीन लोखंडी पलंग, मधे जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी वाट, खाली पुस्तकांचे गठ्ठे. मॅट अंथरायला जागाच नाही. दिवसाचे दहा-बारा तास बाकावर आणि पलंगावर मान खाली घालून जातात. यांना पश्चिमोत्तानासनात दोन मिनिटे राहायला सांगणे चूक आहे, कारण पुढे वाकलेलेच तर ते दिवसभर असतात. त्यांनी दर दीड-दोन तासांनी उठून ताडासन अर्धे मिनिट, दाराच्या चौकटीला हात लावून छाती उघडणे अर्धे मिनिट, खुर्चीत बसून पीळ दोन्हीकडे वीस-वीस सेकंद, एवढे करावे. दोन मिनिटांत उरकते. रात्री झोपण्यापूर्वी पलंगावर आडवे होऊन पाय भिंतीला टेकवले की तीन मिनिटांत पोटऱ्या सैल पडतात. परीक्षेच्या आदल्या महिन्यात एवढेही पुष्कळ झाले.

मोबाइलचा टायमर लावावा की नाही? सुरुवातीचे दोन-तीन आठवडे जरूर लावावा, कारण नवशिक्याचा अंदाज हमखास चुकतो. अवघड आसनात दहा सेकंद झाले की त्याला अर्धे मिनिट झाल्यासारखे वाटते. एकदा तीस सेकंदांत आपले किती श्वास बसतात हे कळले, की फोन बाजूच्या खोलीत ठेवावा. टायमरबरोबर मेसेजही येतात आणि वृक्षासनात एका पायावर उभे राहून कुणाचा फोन आहे हे पाहणारे साधक आता कमी नाहीत.

निवाडा

एकूण आढाव्यातून दोन गोष्टी ठाम निघतात. एक, सगळ्या आसनांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. कैवल्यधामाने आणि अय्यंगारांनी, दोघांनीही तो दिलेला नाही. दोन, आकडा कुठलाही असो, श्वास बिघडला की तो रद्द होतो. या मुद्द्यावर हठयोगी, शरीरशास्त्रज्ञ आणि गल्लीतले योगशिक्षक यांच्यात मतभेद नाही.

म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याने आठ-दहाच आसने निवडावीत. उभ्या आसनांना २० ते ३० सेकंद, पोटावरच्या आसनांना दहाच्या आत पण तीनदा, वाकण्या-पिळण्याच्या आसनांना अर्धे मिनिट आणि शवासनाला निदान पाच मिनिटे द्यावीत. सांधे मोकळे करण्यासह सगळे अर्ध्या-पाऊण तासात होते. वाढ करायची ती आठवड्याला पाच सेकंदांहून अधिक नको, आणि एका वेळी एकाच आसनात. आजारपणातून उठल्यावर, उन्हाळ्यात, लग्नसराईच्या जागरणानंतर बिनदिक्कत मागे यावे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास करणारा माणूस रविवारी एकदाच दीड तास घाम गाळणाऱ्यापेक्षा वर्षअखेरीस पुढे असतो. आसन किती वेळ धरले हे नंतर पाहू, आधी उद्या सकाळी सतरंजी अंथरली जाईल एवढे बघा.